मावळत्या अध्यक्षाचा मान

धरणगावच्या कापूस व्यापाऱ्याची मुलगी जिनल कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि विद्यार्थ्यांच्या शेती मंडळाची अध्यक्ष होती. वर्षभर ती एसटीने फिरली. फैजपूरला केळीच्या बागेत, पाचोऱ्याला कपाशीच्या बांधावर तिने ठिबक सिंचनावर भाषणं केली. तिकडे महाविद्यालयात तिचा स्वतःचा प्रात्यक्षिकाचा हरभरा पाण्यावाचून वाळला. आज धुळ्याच्या वार्षिक सभेत पदातून सुटायचं, याहून दुसरं तिला काही नको होतं.

मंडळात निवडीची एक रीत होती. मावळत्या अध्यक्षाचं नाव मान म्हणून आधी सुचवायचं. त्याने हात जोडून नको म्हणायचं, लोकांनी थोडा आग्रह करायचा, त्याने पुन्हा नको म्हणायचं, आणि मग खरं नाव पुढे यायचं.

पण सत्कारांतच ऊन कललं. जिनल जैन घरातली, दिवस मावळल्यावर पाणीही घेत नसे. निवडीचा विषय काही येईना, म्हणून ती उठून व्हरांड्यात आली आणि घाईघाईने दोन खाखरे खाऊन पाणी प्यायली. तेवढ्यात उपाध्यक्ष अल्तमश बाहेर आला. तो फैजपूरचा. रमजान चालू होता, त्याच्या हातात एक खजूर होता.

"झालं जेवण, ताई?"

"झालं. तुझं सुरू व्हायचंय."

"मंडळाला आपण स्वस्तात पडतो. तू उठायचं, मी बसायचं, ताट एकच."

जिनल हसली, पण हसूही तिला जड गेलं. "अल्तमश, खरं सांग. घेशील ना अध्यक्षपद?"

"अम्मीला विचारलं. म्हणाली, घे, पण घरी कधी येणार ते सांगत जा." त्याने खजूर दुसऱ्या हातात घेतला. "घेतो. फक्त तू आधी नको म्हण. मग आपला सचिव पुना माझं नाव सुचवेल. आपणहून कसं उभं राहणार?"

अजान झाली. त्याने खजूर तोंडात टाकला, आणि आत टाळ्यांचा कडकडाट झाला.

दोघं धावत आत आले. मंडळाचे मार्गदर्शक प्राध्यापक हितेंद्र सर शाल घेऊन उभे होते. त्यांना जळगावची बस गाठायची होती, म्हणून त्यांनी रीतीप्रमाणे जिनलचं नाव घेतलं होतं. नको म्हणणारी जागेवर नव्हती. नाव मंजूर होऊन गेलं होतं.

"या अध्यक्ष! बिनविरोध!"

"सर, मला नको," जिनल म्हणाली.

सभागृह कौतुकाने हसलं.

"खरंच नको. मी थकलेय."

टाळ्या आणखी वाढल्या. पाचोऱ्याचा पुना मागून अहिराणीत ओरडला, "बठ्ठासले तूच पाहिजे, ताई!"

"विनय असावा तर असा," सर म्हणाले आणि त्यांनी शाल तिच्या खांद्यावर टाकली.

अल्तमश काही बोलायला गेला आणि गप्प बसला. आता तो बोलला असता तर खुर्ची मागतोय असं दिसलं असतं.

आणखी कोणत्या शब्दांत सांगावं, हे जिनलला सुचेना. तिने शाल काढून टेबलावर ठेवली, व्यासपीठाची पायरी उतरली आणि शेवटच्या रांगेत सभासदांमध्ये जाऊन बसली.

"अध्यक्ष, वर या. समारोप तुमचा," सर म्हणाले.

ती उठली नाही. मान खाली घालून बसून राहिली. हसणं हळूहळू विरलं. काही जण वळून तिच्याकडे पाहू लागले. त्यांना तिचा थकलेला चेहरा बहुधा पहिल्यांदाच दिसला असावा.

पुना पुटपुटला, "ताई खरंच नही म्हणी राहिनी." मग तो उभा राहिला. "सर, मी अल्तमशचं नाव सुचवतो."

सरांनी घड्याळ पाहिलं, सभेकडे पाहिलं. "कोणाची हरकत?"

हरकत कोणाचीच नव्हती. टाळ्याही कोणी वाजवल्या नाहीत. अल्तमश वर गेला आणि खुर्चीच्या कडेवर टेकला. आभार मानताना त्याचा आवाज कोरडा पडला, दोनदा अडकला.

सुटल्याचा आनंद होईल असं जिनलला वाटलं होतं. तो झाला नाही. दिवसभराच्या उपाशी पोराला आपण तिथे बसवलं, एवढंच तिच्या मनात येत राहिलं. तिने पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि पुढच्या रांगेतल्या मुलीच्या हातात दिली.

"त्याला दे."

बाटली हातोहात पुढे गेली. ती पोचली की नाही, हे पाहायच्या आधीच जिनलने मागच्या भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले होते.