चूड्याखालची जागा

सदाशिवराव सुईवाले सायकल ढकलत तांड्याच्या चढावर दिसले, की सोनीबाईचा डावा हात जड व्हायचा. हातात काही नसायचं. नवरा जाऊन तीन वर्षं झालेल्या बाईच्या हातात असणार तरी काय? पण कोपरापासून खांद्यापर्यंत ते ओझं यायचं म्हणजे यायचं. घागर उचलताना कानाशी हाड हाडावर आपटल्याचा आवाज व्हायचा, आणि ती दचकून दंडाकडे पाहायची. दंड उघडा तो उघडाच.

गोरमाटी, म्हणजे बंजारा, बाईच्या दंडावरचा चूडो ज्यानं पाहिला नाही, त्याला तो सांगून कळायचा नाही. हाडाच्या पांढऱ्या बांगड्या, एकीला एक चिकटून, कोपरापासून थेट वरपर्यंत. लग्नात चढतो. मग भाकरी थापताना, कापूस वेचताना, बाळंत होताना तो दंडावरच. उतरतो एकदाच, नवरा गेल्यावर. आणि सरकारला पटकीची सुई टोचायची असते ती नेमकी त्याच जागेवर. तीही एकदा नाही. जुलाब-ओकारीनं माणसाला एका दिवसात निपटून टाकणारा तो रोग दर पावसाळ्याला येणार, म्हणून सुईही दर उन्हाळ्याला. बाप्ये अंगरख्याची बाही वर करून मोकळे व्हायचे. बायकांनी काय करावं, हे सरकारनं सांगितलं नव्हतं.

सोनीबाईनं मात्र एकदा करून दाखवलं होतं.

तिचा नवरा भीमसिंग त्या वर्षी झरीच्या जंगलात सागाची लाकडं ओढायला निघाला होता. बैल जुंपता जुंपता म्हणाला, "सुईवाला येईन तं सुई घेजो."

"अन् चूडो?"

"तूच नसशीन तं चूडो काय मी घालू?" असं म्हणून तो आपल्याच बोलण्यावर हसला. नवरा असा हसून काही सांगतो तेव्हा बाईच्यानं नाही म्हणवत नाही. दोघांचं हे बोलणं ऐकायला तिसरं कोणी नव्हतं, आणि त्यानंच पुढं घात केला.

तेल लावून, दात आवळून तिनं डाव्या दंडावरची एकेक बांगडी उतरवली आणि पितळी थाळीत ठेवली. सुई घेतली. संध्याकाळी ताप भरला, दंड टम्म सुजला. चूडो परत चढेना. उद्या घालीन म्हणाली. उद्याही चढेना. थाळी तशीच कोपऱ्यात राहिली, आणि दंडाची सूज ओसरायच्या आत झरीहून माणूस आला. उतारावर सागाचा ओंडका सुटला होता, भीमसिंग त्याच्या वाटेत होता.

रिवाजाप्रमाणे बायका चूडो उतरवायला आल्या. त्यांनी सोनीबाईची ओढणी बाजूला केली, आणि डाव्या दंडावर उतरवायला काही नव्हतंच. सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागल्या. तिच्या तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण त्या दिवसापासून तांड्यात सगळ्यांना ठाऊक झालं की भीमसिंगला ओंडक्यानं मारलं नव्हतं.

तिची सासू हंसाबाई हीही कधी एक शब्द बोलली नाही. बोलली असती, ऊर बडवून भांडली असती, तर बरं झालं असतं. ती फक्त भाकरी वाढताना सुनेच्या दंडाकडे एकवार पाहायची आणि नजर चुलीकडे वळवायची. थाळीतला तो चूडो भीमसिंगच्या चितेवर ठेवला होता. सोनीबाईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. मग रोज घागरीशी वाजतं ते काय, हे ती कोणाला विचारणार?

'त्यानंच सांगितलं होतं' हे तिनं कधी कोणाला सांगितलं नाही. मेलेल्या माणसाच्या अंगावर ढकलल्यासारखं झालं असतं ते. आणि खरं सांगायचं तर तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास उरला नव्हता. बायका म्हणतात तेच खरं असेल, असं तिला वाटायचं. मग ती अंथरुणावर उठून बसायची आणि डावा दंड उजव्या हातानं चोळत राहायची.

त्यानंतर तांड्यातल्या एकाही बाईनं सुई घेतली नाही. दोन उन्हाळे निभावले. साठ सालच्या उन्हाळ्यात नाल्यातलं पाणी आटलं, वाळूत खणलेल्या झिऱ्याशी माणसं आणि ढोरं एकत्र झाली, आणि मारोतीच्या देवळाजवळच्या झोपडीतली चंदाबाई सकाळी ओकायला लागली ती दिवस मावळायच्या आत गेली. तिला उचलताना दोन्ही हातांचा चूडो खळखळला. बायका म्हणाल्या, नशीबवान, चूड्यासकट गेली. सोनीबाईनं ते ऐकलं. पोटात पाणी न ठरणाऱ्या, डोळे खोल गेलेल्या त्या बाईत नशिबाचं काय होतं, तिला दिसलं नाही.

दुसऱ्याच दिवशी सदाशिवराव आले. निंबाखाली त्यांनी स्पिरिटचा दिवा पेटवला, भांड्यात सुया उकळायला टाकल्या. दारव्ह्याकडच्या शिकल्या घरचा माणूस, धोतराला डाग पडू न देणारा. डॉक्टर नव्हते, पण तांडा त्यांना डॉक्टरसाब म्हणायचा आणि त्यांनाही ते खपायचं. बाप्ये रांगेनं येऊन टोचून गेले. मग निंबाखाली सामसूम.

तांड्याचा नायक उत्तमसिंग, म्हणजे सोनीबाईचा सासरा, खाकरला. "बाप्यायचं म्या सांगतलं. चूड्याचं बायकायनं पाहावं." आणि तो लांब जाऊन चिलीम भरू लागला. तांड्याचे तंटे तोडणारा हा माणूस, पण इथं त्यानं अंग काढून घेतलं ते घेतलंच.

बायका झोपड्यांच्या सावलीला दाटीनं उभ्या होत्या. सगळ्यांत पुढं जमनी. ही हंसाबाईची धाकटी सून, भीमसिंगच्या भावाची, लालसिंगची बायको, कडेवर अंगावर पिणारी पोर. तोंडाची फटकळ, तांड्यात कोणाच्या बापाला न भिणारी, पण चंदाबाईला पाहून आल्यापासून तिचा धीर सुटला होता. आणि लालसिंग कुठं होता? झरीच्या जंगलात, सागाच्या लाकडांवर. भावाच्याच जागी, भावाच्याच बैलांमागं.

"याडी," जमनी सासूला आईची हाक मारून म्हणाली, "मले मरायचं नाई वं. हे पोट्टी कोणाच्या अंगावर पिईन?"

हंसाबाईनं मान न वळवता म्हटलं, "मले काय पुसतं? सोनीले पूस. तिनं उतरवला होता."

तीन वर्षांत हंसाबाई त्याबद्दल पहिल्यांदा बोलली, ते हे. सगळ्या माना सोनीबाईकडे वळल्या. ती नेहमीप्रमाणे मागं, कुडाला टेकून उभी होती. विधवेनं पुढं येऊ नये, आणि ती येतही नसे.

जमनी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "बाई, तू सांग. उतरवू का नको उतरवू? तू म्हणशीन तसं करतो."

सोनीबाईचा हात इतका जड झाला की तिनं तो उजव्या हातानं पेलून धरला. उतरव म्हणावं, आणि उद्या झरीहून माणूस आला तर? तसाच माणूस, तीच चढण, तसाच पायातली वहाण हातात घेऊन आलेला. नको म्हणावं, तर परवा जमनीला उचलायचं, चूडो वाजत, आणि बायकांनी नशीबवान म्हणायचं. मनात तिनं भीमसिंगला हाक मारली. तू हसून गेलास, आता सांग काय बोलू. जमनीच्या कडेवरची पोर सोनीबाईच्या उघड्या दंडाला हात लावू पाहत होती.

"उतरव," सोनीबाई म्हणाली.

बायकांत कुजबुज उठली. सोनीबाईनं आवाज चढवला. तीन वर्षांत कोणी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. "उतरव! मलेबी त्यानंच सांगतलं होतं. तूच नसशीन तं चूडो काय मी घालू, असं म्हणून गेलता तो. लालसिंगले काई झालं तं माह्या माथी मारजा. एक माथी हायेच, त्यात आणखी एक."

हंसाबाईनं झटकन वर पाहिलं. पण सोनीबाई तिच्याकडे पाहत नव्हती. तिनं जमनीला खाली बसवलं, तेलाची वाटी मागवली, आणि स्वतःच्या हातानं जमनीच्या डाव्या दंडावरची खालची बांगडी सरकवायला घेतली. हाच आवाज, हाडावर हाड. बांगडी कोपराच्या हाडाशी येऊन अडली. जमनीनं डोळे गच्च मिटले, आणि भीतीनं जी माणसं मुकी होतात त्यांतली ती नव्हती, ती बडबडायला लागली.

"अवो डॉक्टरसाब, अशी कशी तुमची सुई जी, दंडच पाह्यजे तिले? ढोरायले सुई द्याले येते तो मानेवर देते. ढोरायले कोठं दंड असते? आमाले ढोर समजा अन् पाठीत द्या!"

कोणीतरी फिस्कन हसलं. सदाशिवराव हसले नाहीत. हातातला चिमटा तसाच धरून ते क्षणभर जमनीकडे पाहत राहिले.

"पाठीत..." ते म्हणाले. "चालेल की. कातडीखाली गेली म्हणजे झालं."

सोनीबाईच्या बोटांत ती बांगडी होती. तिनं ती हळूच वर सारली, होती तिथं. जमनीनं डोळे उघडले, आधी दंडाकडे पाहिलं, मग सासूकडे, आणि पोर हंसाबाईच्या मांडीवर टाकून ती निंबाखाली पळाली. कांचळीची, बायकांच्या त्या चोळीची, पाठ उघडीच असते. तोंड निंबाकडे करून, ओढणी डोक्यावरून पुढं ओढून, तिनं पाठीवरून ती थोडी वर धरली. सुई टोचली, तिनं टोचणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या, आणि झालं. मग एकीमागून एक सगळ्या आल्या. परक्या बाप्याचं तोंडही पाहावं लागत नाही, हेच बरं, असंही एक म्हणाली. हंसाबाईही टोचून घेऊन पुन्हा पोर मांडीवर घेऊन बसली. थोड्या वेळापूर्वी मरणाच्या गोष्टी चालल्या होत्या तिथं आता, कोण किती ओरडलं याच्या नकला चालल्या होत्या.

सोनीबाई मात्र होती तिथंच बसून होती. सगळ्या आटोपल्यावर ती उठली आणि निंबाखाली आली.

"डॉक्टरसाब, तवाबी पाठीत चालली असती?"

'तवा' म्हणजे कधी, हे सदाशिवरावांना विचारावं लागलं नाही. भीमसिंगचं त्यांनी नंतर ऐकलं होतं, आणि तेव्हापासून ते या बाईकडे पाहायचं टाळत होते. ते खाली वाकून दिव्याची वात सारखी करू लागले.

"चालली असती, बाई. तुम्ही हात मोकळा करून आल्या, मी टोचली. मला सुचलंच नाही. कोणी विचारलंही नाही."

नकला थांबल्या. हंसाबाई मांडीवरची पोर तशीच धरून ऐकत होती. ती उठली, जमनीकडे पोर दिली, आणि येऊन सोनीबाईच्या मागं उभी राहिली. तिनं सुनेच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि तो तसाच अर्ध्यावर राहिला.

सदाशिवरावांनी नवी सुई काढली. बोलायला काहीतरी हवं म्हणून बोलले, "तुमचं काय सोपं आहे. आणा हात इकडं." आणि कापूस घेऊन त्यांनी तिच्या डाव्या दंडाकडे हात नेला.

सोनीबाई मागं सरली. तिनं तोंड निंबाकडे केलं आणि पाठीवरची ओढणी वर घेतली.

"पाठीत द्या जी."

"अहो, पण तुमचा हात तर मोकळाच..."

"मोकळा नाई," सोनीबाई म्हणाली.

सदाशिवरावांनी हंसाबाईकडे पाहिलं. हंसाबाईनं मान डोलावली. तेव्हा त्यांनी पाठीवर कापूस टेकवला, कातडी चिमटीत धरली. सुई आत गेली तेव्हा सोनीबाईनं उजव्या हातानं डावा दंड कोपराच्या वर घट्ट धरून ठेवला होता, खालची बांगडी निसटू नये म्हणून.