पिंजऱ्यात या, मग बोला

पिंजरा म्हणतात मला, पण घाबरू नका, मला साधं दारसुद्धा नाही. तालुक्याच्या कोर्टात साक्षीदाराला ज्या लाकडी कठड्यात उभं करतात ना, तोच मी. आजवर सगळ्यांचं ऐकून घेतलं. आज माझी पाळी.

माझं सागवान जळगाव जामोदकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. सुताराने रंधा मारला खरा, पण मी गुळगुळीत झालो तो माणसांच्या तळहातांनी. तुम्हाला वाटत असेल, खोटं बोलणारा मला घट्ट धरतो. छे! पाठ करून आलेल्याचे हात सैल असतात. खरं सांगायला निघालेल्यालाच धरायला काहीतरी लागतं.

मग समोरच्या भिंतीवर पडदा आला, लांबच्यांची साक्ष व्हिडिओवर घ्यायला. पहिल्याच दिवशी त्यातून कोणीतरी "हॅलो, आवाज येऊन राह्यला का?" म्हणालं आणि मी असा दचकलो की माझी फळी करकरली. मी भित्रा आहे, पण पडद्याचा वैरी नाही. दोन वाक्यांच्या साक्षीसाठी लांबच्या डॉक्टरला दिवसभर ताटकळावं लागे, ते वाचलं. तारीख पुढे गेली की मोबाईलवर कळतं, रोहिणखेडच्या माणसाची एसटीची फुकटची फेरी वाचते. सगळं कबूल. "आता हा पिंजरा म्हणजे नुसती अडचण," असं पट्टेवाला शेखर म्हणाला, ते मात्र कबूल नाही. का, ते ऐका.

वडनेर भोलजीच्या मयुरीने वारलेल्या वडिलांच्या शेतातला हिस्सा मागायला थोरल्या काकांवर, रामरावांवर, दावा लावला होता. रामरावांचं म्हणणं, भावजयीने स्वतःचा आणि लेकीचाही हिस्सा राजीखुशीने सोडला. साक्षीदार म्हणून त्यांनी आणली ती मयुरीची आईच, पंचफुलाबाई. ती राहायची रामरावांच्याच घरात. गुडघे धरलेत, कोर्टात येववत नाही, म्हणून तिची साक्ष घरून, मोबाईलवर घ्यायचं ठरलं.

पडद्यावर ती दिसली. डोक्यावर पदर, नजर खाली. तिचे हात कुठे होते, ते दिसतच नव्हतं.

मयुरीची वकील भार्गवी नवीनच होती. प्रश्न कागदावर लिहून आणले होते.

"मावशी, खोलीत अजून कोणी आहे का?"

"नाही जी, कोनीच नाही."

"हिस्सा तुम्ही मर्जीने सोडला?"

"हाव. राजीखुशीनं."

शाळेत पोरं कविता म्हणतात, तसं एका सुरात. मागच्या बाकावरून मयुरी आईकडे बघत होती. आई कोणाकडेच बघत नव्हती. माझा जीव तुटत होता, पण पिंजऱ्याला विचारतंय कोण?

भार्गवी खाली बसता बसता थांबली.

"मावशी, गुडघे धरलेत ना तुमचे? मागं खुर्ची रिकामी दिसतेय. मग जमिनीवर काऊन बसल्या?"

आमच्याकडे धाकटी सून भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, खुर्चीवर बसत नाही. गुडघे मोडोत, नाहीतर काही होवो. पंचफुलाबाईला तर यात विचारण्यासारखं काय आहे, हेच कळेना.

"आता भासरे पलंगावर बसले ना बाई इथं. त्याइच्यासमोर मी खुर्चीवर बसू का? माणसं काय म्हनतीन?"

पडद्यातून एक जाड आवाज आला, "बंद कर ते." आधी छत दिसलं, मग अंधार.

"नेटवर्क गेलं साहेब," रामरावांचे वकील म्हणाले.

"नेटवर्क पलंगावर होतं," शेखर हळूच पुटपुटला.

न्यायाधीशसाहेबांनी चष्मा काढून ठेवला. "पुढच्या तारखेला साक्षीदार इथे हजर पाहिजे. पिंजऱ्यात."

ती आली. मयुरीने दंडाला धरून तिला माझ्या पायरीवर चढवलं. रामराव समोरच्या बाकावर पाय पसरून बसले होते. भार्गवीने हिश्शाचा तोच प्रश्न पुन्हा विचारला. रामराव मोठ्याने खाकरले. पंचफुलाबाईचा हात पदराकडे निघाला, मधेच थांबला आणि माझ्या कठड्यावर आला. शेतात निंदण करून खरबरीत झालेला, घामेजलेला तळहात. इतका घट्ट की माझ्या खिळ्यांना कळ लागली.

"साहेब, त्याइले म्हना, खोकू नका," ती म्हणाली. "मले बोलू द्या. पोरीचा हिस्सा म्या सोडलाच नाही. काय बोलाचं, ते माह्याकडून रोज पाठ करून घेतलं."

मयुरी तोंडात ओढणी धरून रडत होती.

निकाल अजून लागायचाय. पण माझा लावून टाकलाय म्हणे: नव्या इमारतीत पिंजऱ्याला जागा नाही, लाकूड लिलावात काढायचं. या न्यायला. मी जड आहे, सहजासहजी हलणार नाही. आणि उचलण्याआधी माझी एकच अट आहे. ज्याने हे ठरवलं, त्याने एकदा माझ्यात उभं राहावं, दोन्ही हातांनी कठडा धरावा आणि देवाची शपथ घेऊन सांगावं की माझं काम संपलंय.