हॅल्वरच्या ट्रकमधलं दुसरं बटण

मी हॅल्वर नेस्टाडच्या ट्रकमधला रेडिओ बोलतोय. एरवी माझ्या तोंडून दुसरेच बोलतात, आज माझी पाळी. आवाज माझा खणखणीत आहे आणि मला त्याचा अभिमानही आहे, हे आधीच सांगून टाकतो.

कारखान्यात मला दोन बटणं बसवली. पहिलं दाबलं की थेट उपग्रहावरून गाणी उतरतात. आमच्या नॉर्थ डाकोटातून निघा, समुद्र गाठा, सूर तुटायचा नाही. दुसरं दाबलं की गावाबाहेरच्या मनोऱ्यावरून गावचं स्टेशन लागतं. त्यात खरखर, मधूनच शिट्टी आणि सकाळपासून निवेदिका वर्नाची बडबड. कुणाकडे अंडी विकायला आहेत, कुणाची कालवड कुंपण तोडून पळाली, कुणाचा वाढदिवस आहे, कुणाचा अंत्यविधी किती वाजता.

हॅल्वर एकटा राहणारा माणूस. गुरांना चारा घालायला दिवसभर हिंडायचा आणि पहिलं बटण दाबून जुनी गाणी ऐकायचा. त्याचा मोबाईल घरी टेबलावरच पडलेला असे, कारण आमच्या दरीत त्याचा काही उपयोग नव्हता.

शनिवारी मात्र शेजारच्या सीटवर त्याचा मित्र लेलँड असायचा. गुरांच्या बाजाराला दोघं माझ्याच ट्रकमधून जायचे. लेलँड बसला रे बसला की त्याचं बोट दुसऱ्या बटणावर.

"वर्नाचं लाव. गावात काय चाललंय ते कळू दे."

"काय चालणार? कुणाच्या तरी परसात भोपळे जास्त झाले असतील!" असं म्हणत हॅल्वर पुन्हा पहिलं बटण दाबायचा.

"तुझ्या त्या वरच्या गायकाला तुझं नाव तरी ठाऊक आहे का रे?"

"नाही ना, म्हणूनच आवडतो. माझं फावडं मागून नेऊन विसरत नाही, तुझ्यासारखा."

या दोघांच्या भांडणात माझी बटणं झिजली. खरं सांगतो, मला ते आवडायचं.

हिवाळ्यात लेलँड खंगत गेला. इस्पितळातून त्याला शेवटचं घरी आणलं ते आम्हीच. वाटेत तो म्हणाला, "माझ्या शवपेटीची उजवीकडची पुढची कडी तू धरायची. आणि वेळेवर ये. आयुष्यभर मला ताटकळत ठेवलंस."

"आधी मर तर खरा," हॅल्वर म्हणाला आणि त्याने गाणं मोठं केलं. त्या दिवशी लेलँडने दुसरं बटण दाबलं नाही.

लेलँडच्या अंत्यविधीच्या दिवशी पहाटेपासून बर्फ पडत होता. टेकडीवरच्या चर्चमध्ये अकराची वेळ ठरली होती. हॅल्वर काळा कोट घालून लवकरच निघाला आणि सवयीने पहिलं बटण दाबून बसला. दूरच्या कुठल्या शहरातला निवेदक मोठ्या मजेत बोलत होता. मला मात्र ठाऊक होतं, गावच्या स्टेशनच्या लहरी सकाळपासून माझ्या अँटेनावर आदळत होत्या. त्या पकडणं माझ्या हातात नव्हतं. माणसाला बटण दाबावं लागतं.

चर्चला कुलूप होतं. आवारातल्या बर्फावर एका चाकाचीही खूण नव्हती. हॅल्वरने दार ठोठावलं, हाका मारल्या. मग ट्रकमध्ये येऊन बसला.

"लेलँड, काय घोळ घातला रे मी?" तो म्हणाला. त्याने शेजारच्या सीटकडे पाहिलं आणि दुसरं बटण दाबलं.

"...पुन्हा सांगते," वर्ना म्हणत होती, "चर्च गरम ठेवणारी भट्टी बंद पडलीय, दुपारी वादळही येतंय, म्हणून लेलँडचा अंत्यविधी शाळेच्या जिममध्ये ठेवलाय, दहा वाजता. दहा वाजून गेलेत, आणि हॅल्वर नेस्टाड, तू कुठे उलथलायस? पाच जण पेटीपाशी उभे आहेत. पाद्री म्हणतात, दुसरा कुणीतरी कडी धरेल. पण लेलँडची बहीण ऐकायला तयार नाही. हॅल्वरचा ट्रक कुणाला दिसला तर अडवा त्याला, आणि त्याचा तो आकाशातला रेडिओ बदलायला लावा!"

हॅल्वर रडायलाच लागला. रडत रडतच त्याने ट्रक वळवला. बर्फातून आम्ही असे धावलो की माझे स्क्रू ढिले झाले.

शाळेपाशी तो उडी मारून पळाला. इंजिन चालू, दार उघडं. ज्यांना बर्फामुळे घराबाहेर पडता येत नव्हतं त्यांना ऐकू जावं म्हणून वर्ना माईक घेऊन जिममध्येच उभी होती.

"आला बाई एकदाचा! बूट पुसत बसू नकोस रे, ये असाच." मग ती हळूच म्हणाली, "आता मी गप्प बसते."

वर्ना गप्प! मग फक्त सहा माणसांची जड पावलं ऐकू आली. त्या रिकाम्या ट्रकमध्ये मी ती पावलं नीट, एकही न चुकवता वाजवली. माझ्या आयुष्यात याहून चांगलं काम मी केलेलं नाही.

आता ट्रक म्हातारा झालाय, मीही. हॅल्वर अजून उपग्रहावरची गाणी ऐकतो, आणि मीही ती झोकात ऐकवतो. पण सकाळी सात वाजले की त्याचं बोट दुसऱ्या बटणावर जातं आणि रिकाम्या सीटकडे बघून तो म्हणतो, "घे, ऐक तुझं."

एक दिवस हा ट्रक भंगारात जाईल. मला उपटून काढणाऱ्या भल्या माणसा, त्याआधी ते झिजलेलं दुसरं बटण एकदा दाबून बघ. कदाचित तुझंच नाव घेऊन कुणीतरी तुझी वाट बघत असेल.