डालग्याखालची सीताफळं

धारूरच्या डोंगराखाली, अंगणात ताडपत्री. ताडपत्रीवर सीताफळं, वजनाप्रमाणे ओळीत मांडलेली.

तुळजाबाई कोंबड्या झाकायच्या उपड्या डालग्याला टेकून बसलेली. कोंबड्या मात्र मोकळ्या.

चारला पुण्याच्या व्यापाऱ्याचा फोन येणार. गेल्या साली बायकांच्या गटाचा माल परत आला होता: सांगितला तसा निघाला नाही. यंदा परत आला, तर गट मोडणार.

कॉलेजात संख्याशास्त्र शिकणाऱ्या राजनंदिनीनं बजावलं होतं, "नमुन्याला एकाच माळाची आणा. निवडू नका."

एक गोल म्हणजे तीन फळं; तीनशेच्या ओळीत तीनशेच्या आसपासची, काही थोडी कमी, काही थोडी जास्त, तशीच बाकीच्या ओळींत:

तीनशे ग्रॅम: ००
अडीचशे: ००००००००
दोनशे: ०००००००००००००
दीडशे: ०
शंभर:

"काकू, हे असं नसतंय."

"कावून? लई चांगलं दिसायलंय की!"

"कुणाला ऊन जास्त, कुणाला पाणी कमी. मधली लई, मग दोन्हीकडं सारखीच कमी होत जातेत. इकडं उतार हाय, तिकडं कडाच तुटलाय. बारकी आलीच न्हाईत व्हय?"

"माझी झाडं गुणी हायती."

राजनंदिनीची आई सत्यशीला तोंडाला पदर लावून हसली.

पाहुण्यापुढं बारकी ठेवायची नाहीत, ही तुळजाबाईची जन्माची रीत. गेल्या सालच्या नमुन्यातूनही तिनंच काढली होती. परत आलेल्या मालाशी त्याचा संबंध मात्र तिनं कधी जोडला नव्हता.

शंभरच्या रिकाम्या ओळीकडं पाहताना तो आता जुळला.

तुळजाबाईनं डालगं उचललं. खाली लपवलेली बारकी: सत्तावीस.

"आगं बया, कोंबड्यांनी घातली जणू!" सत्यशीला म्हणाली.

तीनशे: ००
अडीचशे: ००००००००
दोनशे: ०००००००००००००
दीडशे: ००००००००
शंभर: ००

"आता कसं!" राजनंदिनी उकिडवी बसली. "एकच शेंडा, दोन्ही उतार सारखे. आता अख्ख्या माळाचा अंदाज सांगता येतोय." मधलं वजन दोनशे आणि दोन्हीकडचा उतार धरून, कुठल्या वजनाच्या वर शंभरात किती निघतील, ते तिनं वहीत मांडलं.

फोन वाजला. तिनं तो काकूच्याच हातात दिला.

"तीनशेच्या वरची किती निघतील?"

तुळजाबाईनं वहीकडं पाहिलं. आकड्यावर बोट ठेवलं. "शंभरात दोन."

"अडीचशेच्या वर?"

"सोळा. लई तर अठरा."

"बारकी?"

"ती बी हायती. मोठी जेवढी, तेवढीच."

पलीकडं हसू. "बाकीचे सगळे म्हणतात, आमची झाडून तीनशेची! बारकी वेगळी भरा, गर काढायला चालतील. सकाळी टेम्पो पाठवतो."

तुळजाबाईनं डालगं उताणं केलं आणि बारकी त्यात भरायला लागली, सगळ्यांसमोर.