थांबणं

“अंगात ताकद आहे तोवर गोळ्या सुरू करायच्या नाहीत,” असं हे मला बजावायचे. त्या काळी दवाखान्यात एचआयव्हीच्या पेशंटना तसंच सांगत. हे थांबले आणि गेले. मीही थांबूनच होते.

आज डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काकू, आता तसं नसतं. धडधाकट आहात तेव्हाच सुरू करायचं. मात्र एकही दिवस चुकवायचा नाही. आठवण करायला घरी कोण आहे?”

“चार भिंती आहेत. पण त्या कुठल्या बोलायला!”

त्या हसल्या नाहीत. “मग तुम्हीच मला शब्द द्या.”

यांचं सांगणं मोडायला जीव धजेना, तरी शब्द दिला.

घरी प्रार्थना झाल्यावर यांच्या फोटोला म्हटलं, “रागावू नका हं,” आणि पेल्यात पाणी ओतलं.