बीटच्या चिखलावर

शुक्रवारी सायकलपटू तिनेके पडली ती अगदीच साधी. बीट वाहणाऱ्या ट्रॅक्टरने वळणावर चिखल सांडला होता. पुढचं चाक सटकलं आणि ती सायकलसकट उजव्या कुशीवर आडवी झाली. कोपर खरचटलं, तेवढंच. डोकं आपटलेलं नाही, हे तिने उठायच्या आधी स्वतःला पुन्हापुन्हा बजावलं. वसंतातल्या अपघातानंतर डॉक्टरांनी तंबी दिली होती, डोक्याला आणखी मार बसला तर शर्यती विसर. आणि रविवारी गावजत्रेची शर्यत होती. संघात ठेवायचं की नाही, हे मॅनेजर तिथेच ठरवणार होता.

घरी येईस्तोवर गिअर कुरकुरायला लागले.

तिच्या सायकली लहानपणापासून बाप, ओडिलच बघे. त्याने सायकल टांगली, पेडल हाताने फिरवलं, कान लावला.

"मधे ठीक आहे. मागच्या मोठ्या चकतीवर साखळी खडखडतेय. वायर तरी सैल झालीय, नाहीतर हँगर वाकलाय." साखळी एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा डिरेलर ज्याला टांगलेला असतो त्या बोटभर तुकड्यावर त्याने नख वाजवलं. "पडलीस का गं?"

"नाही, बाबा."

"मग हा ओरखडा?"

"बेकरीच्या भिंतीला घासली. तू काय पोलीस आहेस का?"

ओडिल हसला. पोरीने नाही म्हटलं म्हणजे नाही. हँगर तपासायची दांडी भिंतीवरच राहिली. त्याने वायर ताणली, खडखड थांबली. "घे, लोण्यासारखी चालतेय."

तिनेकेने लांब बाह्यांच्या शर्टाची उजवी बाही मनगटापर्यंत ओढून घेतली.

रविवारी शेवटच्या फेरीत ती पुढच्या चौघींत होती. दगडी चढ आला, पाय भरून आले, म्हणून तिने मागच्या सगळ्यात मोठ्या, सगळ्यात हलक्या गिअरच्या चकतीवर साखळी टाकली. वाकलेल्या हँगरवरचा डिरेलर सरळ चाकाच्या आऱ्यांत शिरला. कडकड आवाज झाला, चाक जागच्या जागी जाम. कुंपणाला धरून ती कशीबशी उभी राहिली. बाकीच्या निघून गेल्या. मागून आलेल्या गाडीतून मॅनेजरने मान बाहेर काढली.

"लागलं नाही ना? बरं. कळवतो तुला."

कळवणार काय, ते तिला तिथेच कळलं.

ओडिल धापा टाकत चढ चढून आला. त्याने मोडका हँगर बोटांत फिरवला. मोडलेली कड ताजी होती, पण बाहेरच्या बाजूला घासल्याची खूण होती आणि तिच्यात चिखल वाळून बसला होता.

"शुक्रवारी?"

तिने मान डोलावली.

ती शिव्यांची वाट पाहत होती. तो कुंपणाला टेकून बसला.

"या दगडांवर डोकं आपटलं असतं तुझं," तो म्हणाला. "माझ्या हातच्या सायकलवरून."

"बाबा, सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस."

"नसतंच दिलं."

मग तो सायकल खांद्यावर टाकून चढ उतरू लागला. खाली बँड वाजत होता. तिच्यासाठी ओडिल थांबला नाही.

संघाकडून नकार आठवड्याभरातच आला. तो तिला झोंबला, पण त्यासाठी तिच्या मनाची तयारी होती. तयारी नव्हती ती दुसऱ्याच गोष्टीची. हिवाळ्यात एकदा तिने ब्रेक बघायला सांगितला, तेव्हा ओडिलने पेपरातून डोकं वर काढलं नाही.

"दुकानात दाखव. मला आता तेवढी खात्री वाटत नाही."

खात्री कशाची, स्वतःच्या हातांची की तिच्या शब्दाची, हे विचारायचा धीर तिला झाला नाही.