तेलकट समुद्रातली माझी फेरी

मित्रांनो, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अ‍ॅस्टोरिया गावात, धक्क्यावर मासेमारीच्या बोटींच्या रांगेत दोन्ही टोकांना निमुळती अशी एक पांढरी होडी दिसते, ती मी. मी जुनी आहे. माझ्या निम्म्या फळ्या बदललेल्या आहेत आणि इंजिन तर तिसरं आहे. पण ओकच्या लाकडाच्या माझ्या बरगड्या पहिल्याच आहेत, आणि ही गोष्ट त्यांनीच सोसलेली आहे.

माझा जन्म मेन राज्यातल्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथल्या सुतारांनी देवदाराच्या फळ्या वाफेवर वाकवून तांब्याच्या खिळ्यांनी ठोकल्या आणि मला आकार दिला. मग मला एका विनाशिकेवर पाठवलं. लढाऊ जहाजांमध्ये ती लहानशीच होती. तिच्या कडेला दोन बाकदार खांबांना मला टांगलं होतं. टपाल आणायचं, आजाऱ्याला पोचवायचं, कुणी पाण्यात पडलंच तर उचलायचं, ही माझी कामं.

माझं सुकाणू ऑर्व्हिल स्टेन्सरुडच्या हातात असे. तो मिनेसोटाचा, गाईगुरांच्या घरातला. इंजिन सांभाळायचा डेल्बर्ट प्रुइट, आर्कान्सासचा, अखंड बडबड्या. ऑर्व्हिलचा धाकटा भाऊ मिल्टनही आरमारातच होता, पण दुसऱ्या जहाजावर, आमची विनाशिका जिची राखण करायची त्या प्रचंड विमानवाहू नौकेच्या इंजिनखोलीत. मिल्टनला भावाच्या जहाजावर यायचं होतं. आईनं बजावलं होतं, "दोघांनी एका जहाजावर पाय ठेवायचा नाही. एक तरी घरी आला पाहिजे." 

टपाल घेऊन आम्ही त्या नौकेजवळ गेलो की मिल्टन कठड्यावरून ओरडायचा, "दादा, सुकाणू धरतोयस की ताक घुसळतोयस?"

"खाली ये, तुलाच घुसळतो!" ऑर्व्हिल म्हणायचा. यापलीकडे त्यांचं बोलणं जायचं नाही. पण परतताना ऑर्व्हिल शीळ घालायचा.

मग दुसऱ्या महायुद्धात, बेचाळीस सालच्या मे महिन्यात, दक्षिण पॅसिफिकमध्ये शत्रूची विमानं आली. आमच्या तोफा धडधडत राहिल्या. तरी त्यांनी सोडलेले दोन पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, विमानवाहू नौकेच्या पोटात घुसलेच. आधी वाटलं, ती तग धरेल. आगी विझवल्या, तिची विमानं पुन्हा तिच्यावर उतरूही लागली. दुपारी मात्र आत साठलेल्या पेट्रोलच्या वाफेनं पेट घेतला आणि एकामागून एक स्फोट सुरू झाले. शेवटी तिच्या कप्तानानं जहाज सोडायचा हुकूम दिला.

मला पाण्यात उतरवलं आणि आम्ही त्या जळत्या नौकेजवळ गेलो. त्या उंच भिंतीसारख्या कडेवरून गाठी मारलेले दोर सोडले होते आणि शेकडो माणसं त्यांवरून खाली येत होती. कुणी ढकलाढकली करत नव्हतं. काहींनी बूट काढून वर कठड्यापाशी ओळीनं मांडून ठेवले होते, जणू संध्याकाळी परत येऊन घालायचे आहेत.

समुद्रावर काळ्या तेलाचा जाड थर होता. त्यात डोकीच डोकी. आधी जखमी घ्यायचे, असा हुकूम होता. ऑर्व्हिल प्रत्येकाला वर ओढताना एकच विचारत होता, "इंजिनखोलीतला मिल्टन स्टेन्सरुड पाहिलास का रे कुठे?"

"इंजिनखोलीतले सगळ्यात शेवटी निघाले," एक जण धापा टाकत म्हणाला. "निघाले असतील तर."

ऑर्व्हिलनं पुढच्याला हात दिला.

मी काठोकाठ भरले. ज्यांना आत जागा नव्हती, ते माझ्या कडेच्या दोराला धरून पाण्यात लोंबकळत होते. त्यातल्या एकानं डाव्या बाजूला एका हातानं दोर धरला होता आणि दुसऱ्या हातानं एका भाजलेल्या वैमानिकाची मान पाण्यावर धरली होती. वैमानिकाला आत घेतलं. त्यालाही "चढ वर" म्हटलं, तर त्यानं मान हलवून दुसऱ्या जखमीकडे बोट दाखवलं. त्याच्या तोंडावर तेलाचा इतका थर होता की नुसते डोळे लुकलुकत होते.

तेवढ्यात आमच्या विनाशिकेचा भोंगा वाजू लागला. लांब व्हा! आग आता बॉम्बच्या कोठाराजवळ पोचली होती.

"ऑर्व्हिल, फुल स्पीड काढू?" डेल्बर्ट ओरडला.

"नको. कडेला लटकलेल्यांचे हात सुटतील."

"आणि हळू गेलो तर सगळेच उडू!"

"हळूच घे, डेल्बर्ट. एकही हात सुटायला नको."

असं म्हणताना ऑर्व्हिलनं एकदाच मागे वळून त्या जळत्या जहाजाकडे पाहिलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखा तो म्हणाला, "मिल्टन, कुठे आहेस रे तू?"

आणि मित्रांनो, त्याच क्षणी माझ्या डाव्या फळीवर कुणीतरी मूठ आपटू लागलं. तोच तेलानं माखलेला माणूस! त्याच्या घशात तेल गेलं होतं. तोंड उघडलं की नुसता खोकला यायचा. तो आपटत होता, आपटत होता. प्रत्येक ठोका माझ्या बरगडीत उमटत होता. मला सगळं कळत होतं, पण मला कुठली जीभ?

ऑर्व्हिलला वाटलं, त्याचा धीर सुटतोय. वाकून तो म्हणाला, "घट्ट धर रे बाबा, आलंच आपलं जहाज."

आम्ही बरंच अंतर कापलं आणि मागे स्फोट झाला. पाणी खालून धक्का मारल्यासारखं उसळलं, माझ्या फळ्या कडकडल्या. पण हात एकही सुटला नाही.

विनाशिकेच्या कडेला जाळी सोडलेली होती. जखमींना आधी वर चढवलं. शेवटी त्या माणसाला पाण्यातून ओढून माझ्यात घेतलं. डेल्बर्टनं चिंधीनं त्याचं तोंड पुसलं. तो भडाभडा तेल ओकला, श्वास घेतला, आणि फाटक्या आवाजात म्हणाला, "सुकाणू धरतोयस की ताक घुसळतोयस?"

ऑर्व्हिल सुकाणू सोडून पुढे आला. त्यानं भावाचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि हसता हसता रडू लागला.

"हाक नाही मारता आली, गाढवा?"

"मारत होतो की! विचार तुझ्या होडीला."

ऑर्व्हिलनं भावाला जाळीवर ढकललं, डोळे पुसले आणि सुकाणू फिरवलं. पाण्यात अजून कितीतरी जणांचे भाऊ होते. दिवस मावळायच्या आत आम्ही आणि इतर होड्यांनी मिळून पाण्यात दिसलेला प्रत्येक माणूस उचलला. त्या रात्री विनाशिकेवर पाय ठेवायला जागा नव्हती आणि कुणाची त्याबद्दल तक्रारही नव्हती.

युद्ध संपलं. दोघंही भाऊ घरी गेले. विनाशिका मोडीत निघाली, मला विकलं आणि मी या गावात मासेमारीची जाळी वाहू लागले. पुढे नवी बोट आली तशी मला एका शेडमागे पालथं टाकलं. अंगावर काटेरी वेल चढले, फळ्या सुकून त्यांच्या फटींतून ऊन दिसू लागलं. फिनलंडहून येऊन इथे वसलेले लोक उन्हाळ्याच्या मध्याला किनाऱ्यावर मोठी शेकोटी पेटवतात. तिच्यात जाळायला एका वर्षी मला ओढत आणलं.

"थांबा!" आयला कांगास पुढे आली. ती होड्या दुरुस्त करायची. "बरगड्या बघा हिच्या. जाळायला दुसरं काही मिळेना का तुम्हाला?"

तिनं कुजलेल्या फळ्या बदलल्या, रंग दिला आणि मला उथळ पाण्यात सोडलं. लगेच चहूकडून पाणी आत शिरलं आणि मी कडेपर्यंत बुडाले. धक्क्यावरचे लोक हसले.

"झाली ना फजिती, आयला?"

"पिऊ दे तिला," आयला म्हणाली. "तहानलेली आहे."

दोन-तीन दिवस मी तशीच पडून होते. हळूहळू लाकूड फुगलं, फटी मिटल्या. आयलानं पाणी उपसून टाकलं आणि आत हात फिरवून पाहिला. कोरडं होतं.

म्हणून सांगते, मित्रांनो, एखादी जुनी होडी पहिल्या दिवशी गळली तर तिच्यावरचा विश्वास लगेच काढून घेऊ नका. तिला पाण्यात राहू द्या, आणि थोडी वाट बघा.